नियोजन परवानगीचे शुल्क (इंग्लंड, राहती घरे)

राहत्या घराचा विस्तार किंवा बाह्य बदल करण्यापूर्वी स्थानिक कौन्सिलकडे अर्जासोबत भरावी लागणारी रक्कम. जमीन स्वतःची असली तरी तिच्यावर बांधायचे तर परवानगी हवी, हे १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने ठरवले. अर्जाला पैसे मात्र १९८१ पासून पडू लागले.

दर कौन्सिल नव्हे, केंद्र सरकार ठरवते. एका घराच्या अर्जाला २०१८ पासून २०६ पौंड, डिसेंबर २०२३ पासून २५८ आणि १ एप्रिल २०२५ पासून ५२८ पौंड. पुढे दर एप्रिलला महागाईनुसार वाढ. एका दिवसात दुपटीहून अधिक झालेल्या या दरामागे सरकारचा हिशेब असा, की अर्ज तपासायला कौन्सिलला तेवढा खर्च येतोच आणि तूट बाकीचे करदाते भरतात. हिशेब रास्त आहे, पण घरमालकाचा खरा खर्च शुल्कात नसतोच.

तो असतो नकाशांत, वास्तुरचनाकाराच्या बिलात आणि अहवालांत. छपरात वटवाघळांचे वास्तव्य असल्याची शंका आली, तर तज्ज्ञाकडून पाहणी करून घ्यावी लागते. वटवाघळांना कायद्याचे संरक्षण आहे. संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजायची असल्याने हे काम साधारण मे ते सप्टेंबरातच होते. ऑक्टोबरात जाग आलेल्याचा माळा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबतो.

सगळ्याच कामांना अर्ज लागत नाही. जोडघरामागे ३ मीटर, सुट्या घरामागे ४ मीटरपर्यंत एकमजली वाढ, उंची वगैरेच्या अटी पाळून, थेट करता येते. फ्लॅटला ही सवलत नाही. अनुक्रमे ६ आणि ८ मीटरपर्यंत जायचे तर शेजाऱ्यांच्या हरकती मागवून ‘पूर्वमान्यता’ घ्यावी लागते (२०२५ च्या दराने २४० पौंड). बांधकाम नियमांची मंजुरी आणि तिचे पैसे यांहून वेगळे.

घरातल्या अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी केलेल्या बदलांना शुल्क माफ आहे. वारसा यादीतल्या वास्तूसाठीची खास संमतीही फुकट मिळते. ती न घेता हात लावणे मात्र फौजदारी गुन्हा ठरतो.

नाकारलेला अर्ज सुधारून वर्षभरात विनाशुल्क पुन्हा देण्याची मुभा डिसेंबर २०२३ मध्ये गेली. नकाराविरुद्धच्या अपिलाला अजून शुल्क नाही, पण घरगुती कामासाठी ते १२ आठवड्यांच्या आत करावे लागते.