नारा : मूठभर मातीचा हिशेब



जपानच्या सहलीत एक दिवस आम्ही क्योतोहून नारा पाहायला गेलो. इ.स. ७१० ते ७८४ या काळात नारा ही जपानची राजधानी होती. गाईडने सकाळीच खूण सांगितली : दोन खांबांवर आडव्या तुळया, म्हणजे 'तोरी' कमान दिसली की ते शिंतो देवस्थान, बुद्धमूर्ती असेल ते बौद्ध मंदिर. मी कॉमर्सची. देऊळ पाहिलं की खर्च कुणी केला, डागडुजी कोण करतं, हे आधी मनात येतं.

तोदाइजी मंदिरातली बुद्धमूर्ती सुमारे पंधरा मीटर उंच, ब्राँझची. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने देश पोळला होता. त्यानंतर ७४३ मध्ये सम्राट शोमू यांनी मूर्तीचा संकल्प सोडला. संपत्ती आणि सत्ता माझ्याकडे आहे, त्या जोरावर मूर्ती सहज होईल, पण त्यात भाव उतरणार नाही, असं त्यांच्या आज्ञेत होतं. म्हणून कुणी गवताची काडी किंवा मूठभर माती आणली तरी घ्यावी, आणि अधिकाऱ्यांनी लोकांकडून जबरदस्तीने काही उकळू नये. वर्गणी गोळा करायला ग्योकी हे भिक्षू निघाले. लोकांत फिरून उपदेश करतात म्हणून दरबाराने पूर्वी त्यांनाच दटावलं होतं! मंदिराच्या जुन्या नोंदीत लाकूड देणारे ५१,५९० आणि धातूसाठी देणारे ३,७२,०७५ लोक आहेत.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. या कामाने खजिना आणि प्रजा दोन्ही थकले. ७५७ मध्ये सरदार नारामारो यांनी बंडाचा कट केला, तेव्हा या बांधकामामुळे लोकांचे हाल होत असल्याचं कारण त्यांनी सांगितलं.

आपल्याकडे अंजनशलाका असते, तसा इथे ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. तो केला भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूंनी. त्यांच्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्यांनी ते हातात धरले होते. पुण्य एकट्याच्या हातून नाही, सगळ्यांच्या!

पुढे ११८० मध्ये युद्धात मंदिर जळलं. साठी गाठलेल्या चोगेन या भिक्षूंनी देशभर मागून ते उभं केलं. १५६७ मध्ये पुन्हा जळलं, आणि मूर्ती शंभराहून अधिक वर्षं धड छपराविना राहिली. मग कोकेइ या भिक्षूंनी वर्गणी सुरू केली, शोगुनचीही मदत झाली, आणि १७०९ मध्ये आजचं मंदिर पूर्ण झालं. लाकूड आणि पैसा कमी, म्हणून रुंदी ८६ मीटरवरून ५७ वर आणली. अंथरूण पाहून पाय पसरले.

जवळच ७६८ मध्ये स्थापन झालेलं कासुगा हे शिंतो देवस्थान आहे. तिथे भाविकांनी अर्पण केलेले सुमारे तीन हजार दगडी आणि धातूचे कंदील आहेत. हे देवस्थान आणि शेजारचं कोफुकुजी बौद्ध मंदिर शेकडो वर्षं एकत्रच नांदले. १८६८ मध्ये सरकारने दोन्ही धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला. कोफुकुजीचे भिक्षू कासुगाचे पुजारी झाले आणि मंदिर ओस पडलं. तिथे आग लागली नव्हती, फक्त माणसं निघून गेली होती. त्या मंदिराचा १७१७ मध्ये जळालेला मुख्य सभामंडप पुन्हा पूर्ण व्हायला २०१८ साल उजाडलं.

तोदाइजीत आजही भाविक छपराच्या कौलावर नाव लिहून ते दान करतात. कौल वर चढलं की खालून नाव कुणाला दिसत नाही, पण पाऊस मात्र अडतो.

आपल्याकडे जीर्णोद्धाराचा विषय निघाला की मोठी बोली कोण बोलणार, इथूनच सुरुवात होते. मोठे दाते हवेतच. पण पाचशे रुपयांची पावती घेणाऱ्या घरांची यादीही सभेत तेवढ्याच आदराने वाचली जावी. कारण पुढच्या शंभर वर्षांत देवळाचा दिवा लावायला याच घरांतली माणसं येणार आहेत.