गारपीट का होते?
थंड हवा जड, उष्ण हवा हलकी. दोन्ही समोरासमोर आल्या की उष्ण हवा वर ढकलली जाते. या सीमेला आघाडी म्हणतात. युरोपसारखी ठळक आघाडी मराठवाड्यात सहसा बनत नाही. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या थरात पश्चिमेकडून थंड, कोरडी हवा येते आणि खाली समुद्रावरचे बाष्प. दुपारी जमीन तापली की ढग उंच वाढतात, थेंब गोठून गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्यात उभा गहू, हरभरा आणि मोसंबीच्या बागा झोडपल्या. इशारा मिळताच काढणीला आलेला हरभरा काढून ताडपत्रीने झाका. पीकविमा असेल तर नुकसानीची सूचना लवकरात लवकर द्या; पंचनाम्याची वाट पाहत थांबू नका.