फुकटची खाट

जपानमधले सावाउची हे गरीब खेडे हिवाळ्यात बर्फाने वेढले जाई. रस्ते बंद पडत आणि आजारी माणूस घरातच पडून राही. १९६० साली गावप्रमुख मासाओ फुकाझावा यांनी ६५ वर्षांवरील सर्वांचे उपचार मोफत केले. पुढच्याच वर्षी वयाची अट ६० वर आणली आणि तान्ह्या मुलांनाही सवलत दिली. एवढ्यावर न थांबता त्यांनी बर्फ हटवायला बुलडोझर आणले, घरोघर आरोग्यसेविका पाठवल्या. १९६२ मध्ये गावात एकही तान्हे मूल दगावले नाही!

१९७३ मध्ये जपान सरकारने सत्तरीपुढच्यांसाठी देशभर मोफत उपचार सुरू केले. सावाउचीतले ‘मोफत’ तेवढे उचलले गेले, त्यामागची आखणी नाही, असे आम्हाला वाटते. रुग्णालये वृद्धांनी भरली. यात त्यांचा दोष काय? पक्षाघात झालेल्याला औषधापेक्षा उठवणारा, भरवणारा, अंघोळ घालणारा माणूस हवा असतो. तो घरी नसला, की रुग्णालयातली खाटच जवळची. त्यात ती फुकट. उपचार संपले तरी महिनोन्‌महिने चालणाऱ्या या मुक्कामाला जपानी लोक ‘सामाजिक भरती’ म्हणू लागले.

१९८३ मध्ये वृद्धांना अल्प शुल्क लागू झाले: बाह्यरुग्णाला महिन्याला ४०० येन. त्याच कायद्याने चाळिशीपासूनच्या आरोग्यतपासण्याही आणल्या. पण भरवणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या माणसाची सोय करणारा शुश्रूषा-विमा यायला २००० साल उजाडले. त्याचा हप्ता जपानमध्ये चाळिशीपासूनच भरावा लागतो.