उदबत्ती, तंगूस आणि १९१८ चं विमान

आजच्या भागात लढाई आहे, पण तिकडे पोचायला जरा वेळ लागेल. आधी माझ्या टेबलावर जाऊ.

गेला महिनाभर तिथे एक प्लॅस्टिकचं विमान पडलंय. पंखांची लांबी सव्वाअकरा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या फोनपेक्षाही लहान. जुन्या वस्तूंच्या एका टपरीवर मला हे किट सापडलं. पिशवी पिवळी पडलेली, वर कागदाची पट्टी स्टेपल केलेली, आत करड्या प्लॅस्टिकचे सुटे भाग. कंपनी कुठली ते राहू दे. विमान मात्र मी लगेच ओळखलं: ब्रिटिशांचं एस.ई.५ए, पहिल्या महायुद्धातलं एक आसनी लढाऊ विमान, एकावर एक दोन पंख असलेलं.

दोन संध्याकाळी मजेत गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी मी वरचा पंख बसवला आणि पाकिटावरच्या चित्राकडे नीट बघितलं. चित्रात दोन पंखांच्या मधे तारांचं जाळं होतं. सूचनांच्या कागदावर मात्र एकही तार नव्हती. जुन्या किटांमधे हे सर्रास असायचं. प्लॅस्टिकच्या साच्यात केसाएवढी तार ओतता येत नाही, मग तो विषयच टाळायचा.

मग करायचं काय? तारा न लावताही मॉडेल पूर्ण दिसतं, शोकेसमधे ठेवलं तर कुणी विचारणारही नाही. पण तारा काढल्या तर त्या विमानात उरतं काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आणि त्यातून हा भाग तयार झाला.

किटांबद्दल दोन मिनिटं. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमान करायची कल्पना १९३६ ची आहे. इंग्लंडमधल्या फ्रॉग कंपनीनं ‘पेंग्विन’ नावानं असे संच काढले. पेंग्विन का? तो पक्षी उडत नाही म्हणून! मग आली एअरफिक्स. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन माणसानं ती १९३९ मधे काढली, हवा भरायची रबरी खेळणी विकायला. पुढे कंगवे केले, १९४९ मधे फर्ग्युसन ट्रॅक्टरचं मॉडेल केलं, आणि १९५० च्या दशकात वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना पिशवीतली विमानं विकली. प्रमाण १:७२. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट तुमच्या हातात एक इंच. ते प्रमाण आजही चालू आहे.

आता तारा. लहानपणी घरी आकाशकंदील केला असेल तर हे पटकन कळेल. बांबूच्या चार काड्या बांधून चौकोन करा. कितीही घट्ट बांधा, हातात धरून ढकलला की तो तिरका होतो. आता एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरा ओढा, दुसऱ्या कर्णावरही ओढा. चौकोन जागेवर बसला. वजन वाढलं जेमतेम दोऱ्याएवढं, पण ताकद कितीतरी पट झाली.

हेच गणित ऑक्टाव्ह शनूट या माणसानं हवेत नेलं. तो अमेरिकेतला रेल्वेचा इंजिनिअर, पूल बांधण्यात आयुष्य गेलेलं. १८९६ मधे त्यानं दोन पंखांचं ग्लायडर केलं आणि पंखांच्या मधे सरळ पुलाचीच रचना टाकली: उभे खांब आणि तिरक्या तारा. राइट बंधूंनी तीच उचलली. रेल्वेतून जाताना नदीवरच्या लोखंडी पुलाचे तिरके दांडे बघितलेत ना? तोच पूल, फक्त लाकडाचा आणि तारांचा, वर कापड चढवलेला. त्या कापडावर ‘डोप’ नावाचा वार्निशसारखा द्रव फासायचे. तो वाळला की कापड ढोलकीसारखं ताणलं जायचं.

एकच पंख का नाही? कारण तेव्हाचे पंख पातळ होते आणि एकट्या पातळ पंखाला पुरेसं मजबूत करणं जमत नव्हतं. १९१२ मधे लागोपाठ अपघात झाले तेव्हा ब्रिटिश लष्करानं आपल्या वैमानिकांना एकपंखी विमानं उडवायलाच बंदी केली होती. (आणि हो, तळपद्यांच्या विमानाचा विषय आज काढत नाहीये. तो वाद वेगळा.)

तारांमधेही प्रकार आहेत. बुंध्याच्या खालून निघून बाहेरच्या खांबाच्या वरच्या टोकाला जातात त्या उड्डाणाच्या तारा. हवेत पंख वर उचलले जातात, तेव्हा सगळं ओझं यांच्यावर. एस.ई.५ए चं भरलेलं वजन सुमारे ९०० किलो, आणि सूर मारून वर येताना त्याच्या कितीतरी पट भार. वरून खाली येतात त्या उतरण्याच्या तारा. विमान जमिनीवर असताना पंख खाली लोंबू नयेत म्हणून. शिवाय पुढच्या आणि मागच्या खांबांमधे फुलीसारख्या तारा, पंखाला पीळ बसू नये यासाठी.

पीळ बसला की काय होतं? एस.ई.५ चा पहिला नमुना २२ नोव्हेंबर १९१६ ला फार्नबरोला उडाला. २८ जानेवारी १९१७ ला मेजर फ्रँक गुडन एस.ई.५ घेऊन वर गेला. हा नुसता चाचणी वैमानिक नव्हता, त्या विमानाच्या रचनेतही त्याचा हात होता. हवेतच पंख मोडला आणि गुडन मेला. तपासात निघालं की पंख पिळवटून मोडला होता. मग आतल्या फासळ्यांना प्लायवूड लावून तो पक्का केला. त्यानंतरचं एस.ई.५ए इतकं मजबूत निघालं की वैमानिक त्याला बिनधास्त सूर मारायला लावायचे. अशी ५००० च्या वर विमानं बनली.

हे वाचल्यावर बिनतारेचं मॉडेल ठेवणं मला जमेना.

खरी तार अर्धा सेंटिमीटर रुंद धरली, तर ७२ पट लहान केल्यावर होते ०.०७ मिलिमीटर. म्हणजे अक्षरशः केस. काही लोक केसच वापरतात! मी आधी मासे पकडायची सगळ्यात बारीक तंगूस आणली. पंखाला सुईएवढ्या ड्रिलनं भोकं पाडली, तंगूस ओवली, फेविक्विकचा थेंब टाकला. ही भोकं पंख जोडण्याआधी पाडायची असतात, हे मला नंतर कळलं. मग तंगूस ताणून घट्ट बांधली, अगदी टणक. सकाळी बघतो तर डावा वरचा पंख खाली वाकलेला आणि एक खांब निसटून खाली पडलेला.

सगळं कापून परत सुरुवात. दुसऱ्यांदा जुनी युक्ती केली. किटमधल्या भागांभोवती जी प्लॅस्टिकची काडी असते ती मेणबत्तीवर फिरवायची, मऊ झाली की दोन्ही हातांनी झटकन ओढायची. मधे केसासारखा धागा तयार होतो. तो मापानं कापायचा, चिमट्यानं जागेवर ठेवायचा, टोकांना गोंदाचा ठिपका. आणि थोडा सैल राहिला तर पेटती उदबत्ती जवळ न्यायची, धागा आपोआप आखडतो. जवळ म्हणजे जवळ, टेकवायची नाही. टेकली की तार गेली.

“देवापुढची उदबत्ती घेऊन कुठे निघालास रे?” आई म्हणाली.

“विमानाला दाखवायला.”

“दसऱ्याला अवकाश आहे अजून,” म्हणाली आणि वर आणखी दोन दिल्या.

पहिल्यांदा मी जी चूक केली ती खऱ्या विमानावरही होऊ शकायची. म्हणूनच त्यासाठी वेगळा माणूस असायचा. इंजिन बघणारा फिटर आणि सांगाडा-तारा बघणारा रिगर. तार सैल असेल तर ती वाऱ्यात थरथरणार, जास्त ताणली तर लाकूड वाकणार. एस.ई.५ए च्या तारा साध्या गोल नव्हत्या. त्या चपट्या, हवा कापत जाणाऱ्या पोलादी पट्ट्या होत्या आणि दोन टोकांना उलट-सुलट आटे. मधे धरून फिरवली की दोन्हीकडून आत ओढली जाते. त्या काळी एक विनोद चालायचा: पंखांच्या मधे चिमणी सोडा, ती बाहेर आली तर एखादी तार लावायची राहिलीय. वैमानिकांची नावं पुस्तकांत सापडतात. रिगरची सापडायला फार शोधावं लागतं.

आता वैमानिक. माझ्या डोक्यात सुरुवातीपासून एकच नाव होतं, इंद्रलाल रॉय. जन्म कोलकाता, २ डिसेंबर १८९८. शाळा लंडनची सेंट पॉल्स. १९१७ मधे रॉयल फ्लाइंग कोअरमधे गेला. डिसेंबरमधे त्याचं एस.ई.५ए कोसळलं. त्याला मेलेला समजून शवागारात ठेवलं आणि त्यानं आतून दार वाजवलं अशी एक दंतकथा आहे. दंतकथा म्हणूनच ऐका. खरी गोष्ट मला जास्त आवडते. उड्डाणाला अपात्र ठरवल्यावर बरा होत असताना तो विमानांची चित्रं काढत बसायचा. त्यातली बरीच आजही शिल्लक आहेत.

मागे लागून तो परत पात्र ठरला, ४० नंबरच्या स्क्वाड्रनमधे गेला आणि जुलै १९१८ मधे दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर १० विजय लागले. २२ जुलैला फ्रान्समधे कार्व्हँच्या आकाशात फोकर विमानांशी लढताना तो गेला. वय १९. एस्तव्हेलच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर बंगालीत मजकूर आहे. त्याचा भाचा सुब्रतो मुखर्जी पुढे भारतीय हवाई दलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला.

आणि आपल्या मुंबईचाही एक जण होता, लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर, २३ नंबरचं स्क्वाड्रन. तो सॉपविथ डॉल्फिन उडवायचा. या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या जागेतून बाहेर यायचं. म्हणजे विमान उलटं झालं तर आधी काय आपटणार, विचार करा. जून १९१८ च्या शेवटी तो जर्मन हद्दीत पडला आणि जखमांनी गेला. त्याचं थडगं फ्रान्समधे हँगार्डला आहे. रॉयवर १९९८ मधे टपाल तिकीट निघालं. वेलिंगकरचं नाव मुंबईतल्या माझ्या दहा मित्रांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. मलाही हे किट घेईपर्यंत माहीत नव्हतं.

तारा आता पूर्ण झाल्यात. उजवीकडची एक अजून किंचित सैल आहे, पण उदबत्ती परत जवळ न्यायची माझी हिंमत नाही. राहिला पायलट. शेंगदाण्याएवढा प्लॅस्टिकचा पुतळा, नाक-डोळे काही नाहीत. सूचनांच्या कागदावर चेहऱ्यासाठी ‘स्किन कलर’ची डबी सांगितलीय. उघडली तर आत गुलाबी. तिच्यात तपकिरी रंगाचे दोन थेंब घातले, ढवळलं, कमी वाटलं म्हणून तिसरा घातला. आता तो वाळतोय.