बारा नारळांचे नगर

सतराव्या शतकाच्या मध्यास जयराम पिंड्ये नावाचा कवी शहाजीराजांच्या बंगळूर येथील दरबारात आला आणि त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा नारळ म्हणजे बारा भाषा. यांपैकी प्रत्येकीत आपण काव्य रचू शकतो, असा त्याचा दावा होता. ‘राधामाधवविलासचंपू’ या त्याच्या ग्रंथाचा बराच भाग संस्कृतात आहे. परंतु शेवटाकडे तो दावा प्रत्यक्षात उतरतो, आणि मराठी, गुजराती, हिंदी, दख्खनी, कानडी अशा नाना भाषांतील पद्ये एकापाठोपाठ एक दरबारात उभी राहतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी हा ग्रंथ १९२२ मध्ये शहाजीराजांच्या कर्तृत्वाची बाजू हिरीरीने मांडणाऱ्या दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. तेव्हापासून मराठी अभ्यासकाच्या मनात बंगळूरला एक स्थान मिळाले. ते स्थान मात्र मराठ्यांच्या एका जुन्या ठाण्याचे आहे. बारा भाषांचे नगर म्हणून त्याकडे क्वचितच कोणी पाहिले.

हा दृष्टिदोष तपासून पाहण्याजोगा आहे. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले हे नगर विजापूरकरांच्या रणदुल्लाखानाने १६३८ मध्ये घेतले, केंपेगौडाचे वंशज मागडीकडे सरले आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे जवळजवळ अर्धशतक ते भोसल्यांकडे होते. १६६४ मध्ये चन्नगिरीनजीक होदिगेरे येथे शहाजीराजांचा अंत झाला. एकोजीराजे १६७५ च्या सुमारास तंजावरास गेले, आणि तेथून बंगळूर सांभाळणे त्यांना जड होऊ लागले. १६७७ च्या कर्नाटक-स्वारीनंतर दोघा भावांत तह झाला, त्यात शिवाजीमहाराजांनी बंगळूर व आसपासचा मुलूख एकोजीराजांची पत्नी दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी दिला, असे सांगतात. ही हकीकत भावजयीविषयीच्या आदराची आहे, यात शंका नाही. पण तीत आणखीही काही दिसते. राज्यकर्त्यांच्या लेखी नगर म्हणजे उत्पन्न होते. आहेरात देता येईल असे, आणि प्रसंगी विकता येईल असे. कारण दहाच वर्षांनी एकोजीराजांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराजाशी तीन लाख रुपयांस विक्रीचे बोलणे लावले. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर जिंकले आणि त्याच किमतीला ते त्याच गिऱ्हाइकाच्या पदरात टाकले.

मराठी इतिहासलेखक येथे थांबतो. ठाणे गेले, प्रकरण संपले. ज्या लोकांचे काही विकले गेले नव्हते त्यांची कथा वस्तुतः येथून सुरू होते. दरबाराबरोबर आलेले शिलेदार, कारकून, शिंपी, रंगारी हे सगळे तंजावरास गेले नाहीत. त्यांतले कित्येक म्हैसूरच्या मुलुखात राहिले, आणि त्यांची भाषा घरातून व कचेरीतून टिकली. हैदरअलीच्या काळी सरकारी हिशेब कानडीबरोबर मराठीतही ठेवले जात. टिपूने त्या जागी फारसी आणण्याचा आग्रह धरला. बंगळूरच्या ज्या तांबड्या इमारतीत आज उच्च न्यायालय भरते तिला कन्नड माणूसही ‘अट्टार कचेरी’ म्हणतो. अठरा खात्यांची कचेरी हा तिचा मूळ अर्थ. कन्नडमध्ये अठराला ‘हदिनेंटु’ म्हणतात. तरी तीन शतकांच्या वापराने हा परका आकडा तेथे इतका रुळला, की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

एकोणिसाव्या शतकात नगराचे दोन तुकडे झाले. १८०९ मध्ये इंग्रजांनी आपली फौज श्रीरंगपट्टणहून येथे हलवली आणि जुन्या पेठेच्या शेजारी छावणी उभी राहिली. पेठ म्हैसूरच्या राजाची, छावणी इंग्रजांची. पेठेत कन्नड, तेलुगू, मराठी. छावणीत तमिळ, उर्दू, इंग्रजी. चीनमधील शांघाय येथेही जुन्या तटबंद गावाच्या कुशीत परकीयांची वसाहत अशीच वाढली होती, आणि तेथेही नगर कोणाचे हा प्रश्न त्या वसाहतीबरोबर जन्मला व ती १९४३ मध्ये विसर्जित झाल्यावरही उरला. बंगळूरचे दोन तुकडे १९४९ मध्ये एका महानगरपालिकेखाली आले. कागदावर एक झालेले नगर मनाने एक होण्यास वेळ लागणार होता.

१९५६ मध्ये भाषावार राज्य झाले. आता हे नगर ज्या भाषेची राजधानी होते ती भाषा तेथील बाजारात व चित्रगृहांत मागे पडते, ही कन्नड लेखकांची व्यथा होती. आणि ती खोटी नव्हती. १९६० नंतरच्या दशकात कादंबरीकार अ. न. कृष्णराव यांच्यासारखा लेखक रस्त्यावर उतरला तो या व्यथेपायी. १९८२ मध्ये शालेय शिक्षणात कन्नडला प्रथम स्थान द्यावे, या वि. कृ. गोकाक समितीच्या शिफारशीसाठी मोठे आंदोलन झाले. बेळगावच्या प्रश्नामुळे मराठी वाचक या चळवळीकडे सहसा सीमेवरून पाहतो आणि तिच्यात केवळ आक्रमण पाहतो. बंगळूरहून पाहिले तर ती आपल्याच घरात अल्पसंख्य झालेल्यांची चळवळ दिसते. २०११ च्या जनगणनेतही बंगळूर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असलेले निम्म्याहून कमी होते. मुंबईतील मराठी माणसाला हे दुःख समजावून सांगावे लागू नये.

मात्र या चळवळीची एक बाजू तिच्या पुरस्कर्त्यांनीही पुरती ओळखली नाही. ज्या साहित्याच्या अभिमानाने ती उभी राहिली, ते घरी दुसरीच भाषा बोलणाऱ्या कितीतरी लेखकांनी घडवले आहे. बंगळूरच्या गवीपुरात राहिलेले मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची घरची भाषा तमिळ. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांची मराठी. गिरीश कार्नाड यांची मातृभाषा कोंकणी, जन्म माथेरानचा, अखेर बंगळूरची. यांपैकी कोणालाही कन्नड लादावी लागली नाही. उलट दिशेचे उदाहरणही याच नगरात आहे. बंगळूरच्या मराठी कुटुंबात १९५० मध्ये जन्मलेले शिवाजीराव गायकवाड नगर परिवहनाच्या बसगाडीवर वाहक होते. पुढे तमिळ प्रेक्षकांनी त्यांना रजनीकांत म्हणून डोक्यावर घेतले. टीकेच्या पानांत नटाचा दाखला कोणास खटकेल. पण एका माणसात तीन भाषा भांडणाशिवाय कशा नांदतात हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण सहसा सापडत नाही.

पेठेतील भावसार व नामदेव शिंपी घरांतून अद्याप जी मराठी बोलली जाते तिच्यात कन्नड शब्द आणि कन्नड हेल मुरलेले आहेत. ती बोलणाऱ्या पुष्कळांना देवनागरीपेक्षा कन्नड लिपी जवळची वाटते. पुण्याच्या कानाला ती अशुद्ध वाटते, आणि म्हणूनच बहुधा तिच्याकडे तंजावरच्या मराठीइतकेही लक्ष गेलेले नाही. तंजावरला राजवाडा होता, ग्रंथालय होते, नाटके होती. येथे केवळ घरे होती, आणि घरांचे दप्तर राहत नाही.

राजवाड्यांनी चंपू मराठ्यांच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचला. त्यांच्या काळी ते आवश्यकही होते. जयरामाची कानडी पद्ये बंगळूरच्या बाजूने, तेथली भाषा जाणणाऱ्यांबरोबर बसून वाचण्याचे काम मराठी टीकेपुढे आहे. नारळ बारा ठेवले होते. मराठीने त्यांतला स्वतःचा एक उचलला आणि पंगतीतून उठली.