आर्चीची खुर्ची

परक्याच्या खोडीला हसणे सोपे. आपल्याच घरातल्या हट्टाला हसणे मोठे अवघड. अमेरिकेतील दूरचित्रवाणीचे लेखक व निर्माते नॉर्मन लिअर यांनी ते घडवून आणले. त्यांचा जन्म १९२२ चा. ते नऊ वर्षांचे असताना वडिलांना तुरुंगवास घडला. हे वडील घरात आईला ‘गप्प बैस’ म्हणून दरडावीत. पुढे एका ब्रिटिश मालिकेच्या आधाराने लिअर यांनी ‘ऑल इन द फॅमिली’ रचली, तेव्हा तीच दरडावणी तापट, पूर्वग्रहदूषित आर्ची बंकरच्या तोंडी आली. एबीसीने दोनदा नमुन्याचा भाग करवून घेऊनही मालिका नाकारली. सीबीएसने १२ जानेवारी १९७१ रोजी ती दाखविली. तीही आधी प्रेक्षकांना सावधगिरीची सूचना देऊन! पुढे सलग पाच वर्षे तिचा पहिला क्रमांक ढळला नाही.

कित्येकांना आर्चीचेच म्हणणे पटे, हा आक्षेप खोटा नव्हता. पण लिअर यांनी त्याला राक्षस केले नाही; चुकणारा, तरीही घरचाच माणूस ठेवले. २०२३ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी लिअर निवर्तले. आर्चीची खुर्ची मात्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवली आहे. तशी एखादी खुर्ची कोणत्या घरात नसते?