टांगती साबणदाणी

परवा न्हाणीत चुंबकाची साबणदाणी बसवली. वडीत पत्र्याची चकती रुतवायची, ती भिंतीवरच्या चुंबकाला चिकटवायची. वडी अधांतरी, पाणी निथळून जातं!

विलायती वडी हिंदुस्थानात आली ती सनलाइटच्या रूपाने, १८८८ साली कलकत्त्यात. १८९५ मध्ये लाइफबॉय आला. वडी घरोघर पोचली, पण ठेवायची कुठे? आमच्या गोव्याच्या पावसाळ्यात न्हाणीच्या दगडावर ठेवलेल्या वडीचा चार दिवसांत लगदा व्हायचा. आईने घोसाळ्याच्या वाळक्या जाळीत वडी कोंबून काथ्याने खुंटीला टांगली होती. जाळीनेच अंगही घासायचं!

कारकुनीचा पहिला पगार झाला तेव्हा मी ती 'गावठी' जाळी फेकून प्लॅस्टिकची बशी आणली. बशीत पाणी साचायचं... आई काही बोलली नाही. तळाचा लगदा बोटाने निपटून कपड्यांना लावायची, एवढंच.